दिवेलागणीनंतरचे पेमराजशेठ

कुणा मुलाच्या अंगात नवा सदरा दिसला की माझी नजर आधी त्याच्या खालच्या काठाकडे जाते. कापड आत दुमडून पट्टी ठेवली आहे का, आणि ठेवली असेल तर किती रुंद, हे मी बघतो. पुण्यात कॉलेजच्या वाटेवर शिंप्यांची दुकाने आहेत, तिथे मी उगाच रेंगाळतो. बरोबरच्या मुलांना वाटते मला कपड्यांचा शौक आहे. तसे काही नाही. ही सवय मला नारायणगावच्या पेमराजशेठमुळे लागली. त्यांच्याविषयी लिहावे असे फार दिवस मनात आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी लिहायला शिकले नाही, त्यामुळे एखादा माणूस कागदावर कसा उतरवायचा हे मला घरी कुणाला विचारता येत नाही. जसे आठवते तसे लिहितो.

नारायणगावच्या बाजारात शेठचे कापडाचे दुकान होते. आजोबा मारवाडातून आलेले, पण शेठ इथेच जन्मले आणि इथलेच बोलत. उंच, जरा पुढे वाकलेले; पगडी मोठी आणि तिच्याखाली चेहरा लहान. ऐकताना अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट एकमेकांवर घासायची त्यांना सवय होती. गिऱ्हाईक भाव पाडून मागत असो की कुणी आपले दुःख सांगत असो, बोटे चालूच. समोरच्याचे बोलणे कुठल्या सुताचे आहे ते चाचपत असल्यासारखी. बसायचे झाले की उपरण्याच्या टोकाने जागा हलकेच झाडत, मुंगी चिरडू नये म्हणून. पाणी स्वतःच्या तांब्यातले, फडक्याने गाळलेले. आणि जेवण दिवस मावळायच्या आत. सूर्य बुडाला की अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. हा त्यांच्या जैन धर्माचा नेम. परक्या घरी ते जेवत नसत, म्हणून कुठल्याही गावी गेले तरी उन्हे कलायच्या आधी त्यांची दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, नारायणगावच्या वाटेला लागलेली असे. आमच्या निमगाव सावातल्या बायका म्हणत, "शेठ म्हंजी पाखरू बघा. ऊन उतरलं की घरट्याकडं."

मोठा दुष्काळ पडला आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग आला. तेव्हा जुन्नरच्या काही व्यापाऱ्यांनी पांजरपोळाला लागून आईबाप गेलेल्या मुलांसाठी एक लांब छपरी उभारली. भिंतीच्या पलीकडे भाकड गाई, अलीकडे मुले. लहान मुलांना लवकर घरे मिळाली. पोटी मूल नसलेली जोडपी येत, रांगते पोर उचलून नेत, कुणी रीतसर दत्तकही घेत. मागे उरली ती मोठी. आवाज फुटायला आलेली, हातापायांनी लांबलेली, कुणाच्या नजरेला नजर न देणारी. ती लोकांना हवी होती, पण फुकटचा गडी म्हणून. अशी मुले कुठल्या घरी द्यायची आणि कुठल्या नाही, हे ठरवण्याचे काम कुणी अंगावर घेईना. ते शेठनी घेतले.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदा त्यांना विचारले, "शेठ, धंदा सोडून ह्ये कशापायी?"

शेठची बोटे काही वेळ चालली. मग म्हणाले, "रांगतं पोर कुनाच्या पण कडेवर शोभतं, आबा. मिशी फुटायला आलेलं पोर दारात उभं ऱ्हायलं, की घर कसं हाय ते कळतं."

लोक त्यांना हसत. बाजारात कुणीतरी ओरडे, "शेठ, एखादं दणकट असंल तर आमाला ठेवा, ढेकळं फोडायची हायेत!" दुसरा म्हणे, "मुंगीला जपतो न् पोरं वाटत सुटलाय." शेठ उत्तर देत नसत. पण वारूळवाडीच्या एका बागाईतदाराला त्यांनी दिलेले उत्तर बरेच दिवस बाजारात फिरत होते. हा माणूस छपरीत आला, एका मुलाचे दंड दाबून पाहिले, पोटऱ्या चाचपल्या, आणि म्हणाला, "तोंड उघड रं." शेठ शेजारीच उभे होते. त्यांनी पुढे होऊन त्या बागाईतदाराचाच दंड धरला.

"ह्ये काय, शेठ?"

"तुमी पन तोंड उघडा, राव. दात बघू."

"माझं? कशापायी?"

"पोर तुमच्या दावनीला जायचंय. मालक कुठवर टिकंल ते बघाया नको?"

छपरीतली पोरे तेव्हा हसली. ती पोरे एकदम हसलेली त्याआधी कुणी ऐकली नव्हती, असे सांगतात.

शेठची पारख करायची रीत त्यांच्या धंद्यातून आली होती. एखाद्या घराने मूल मागितले की ते दुपारचे त्या घरी जात. जात कोणती, हा पहिला प्रश्न घरच्यांचा असे. शेठ माहीत असेल ते सांगत, नसेल तर नाही म्हणत. मग त्यांचा प्रश्न येई. "ह्ये पोर एक दिस तुमाला उलटून बोलंल. तुमी माझं कोन, म्हनंल. त्या दिशी काय कराल?" कुणी म्हणे, "थोबाडीत दीन." अशा माणसाशी शेठ पुढे बोलत बसत. "आमच्या घरात तसं व्हनारच न्हाई," असे जो म्हणे, त्याच्याकडून ते तांब्या उचलून निघत.

शेवटी ते बरोबर आणलेले कोरे कापड घरधनिणीच्या हाती देत. दाराच्या चौकटीवर हात ठेवून सांगत, "पोर एवढं हाय. ह्याचा सदरा करून ठेवा. हातानं शिवा, न्हाईतर शिंप्याला द्या." काही दिवसांनी परत येऊन सदरा उलटा करून बघत. काही घरी तो अंगाबरोबर कापलेला असे, आणि उरलेल्या कापडाची टोपी घरच्या मुलाच्या डोक्यावर. त्या घरी मूल जात नसे. काही घरी खालच्या काठाला आणि बाह्यांना रुंद पट्टी आत दुमडलेली असे, पोर वाढले की उसवून सोडायला. शेठ त्या दुमडीवरून अंगठा फिरवत. "ह्यांनी पुढल्या सालाचा इचार केलाय," म्हणत. त्या घरी मूल जाई.

आमच्या घरी ते आले त्याच्या आदल्या वर्षी माझा थोरला भाऊ सखाराम प्लेगमध्ये गेला होता. गावाबाहेर रानात झोपड्या घालून आम्ही राहत होतो, तिथेच गेला. आई त्यानंतर फारसे बोलत नसे. एका बाजाराच्या दिवशी आबा तिला जुन्नरला घेऊन गेले, तेव्हा तिने छपरीत येसूला पाहिले. सखारामच्याच वयाचा, संगमनेराकडचा. दुष्काळात गाव सोडून निघाले, त्यात आईबाप वाटेतच गेलेले. भिंतीवरून हात घालून तो एका गाईला कडबा चारत होता. त्याने आईला एवढेच विचारले, "तुमच्यात कुत्रं हाय का?"

"हाय की. वाघ्या."

"चावतं?"

"भाकरी देनाऱ्याला न्हाई चावत."

येसू हसला. परत येताना गाडीत आई आबांना म्हणाली, "त्योच आना."

शेठ आले. तो प्रश्न त्यांनी विचारला. आबा गडबडले, पण आई म्हणाली, "रडंन. दुसरं काय करनार?" शेठची बोटे थांबली. मी तिथेच होतो. मला वाटले, झाले, येसू आला. त्यांनी कापड दिले, चौकटीवर हात ठेवून उंची दाखवली आणि गेले.

परत आले तेव्हा भर दुपार होती. आईने सदरा पुढे ठेवला. छान शिवला होता. शेठनी तो उचलून धरला, चौकटीला लावून बघितला. बाह्या फार लांब होत्या आणि गळा रुंद.

"बाई, ह्ये माप कुनाचं?"

आबाच म्हणाले, "आमच्या सख्याचं, शेठ. त्याचा जुना सदरा म्होरं ठेवून तिनं बेतला."

शेठनी सदरा घडी करून आईच्या पुढे ठेवला. अगदी हळू बोलले. "बाई, तुमी येसू न्हाई मागत. गेलेला परत मागताय. त्यो त्या सदऱ्यात कंदीच मावनार न्हाई, न् तुमी रोज त्येला त्यात बघाल. आज मी पोर न्हाई देनार."

आई ताडकन उठली. "तांब्या उचला न् चालू लागा. तुमचं पोर तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. मारवाड्याला आईचं काय कळतंय!"

शेठनी तांब्या उचलला आणि गेले. मला तेव्हा त्यांचा राग आला. पण ते चुकीचे बोलले असे आजही मला म्हणवत नाही, आणि हीच गोष्ट मला अवघड वाटते.

येसू कळंबच्या एका घरी दिला गेला. चांगले खातेपिते घर. विहीर, मोट, बैलजोड्या. तिथल्या बाईने शिवलेला सदरा शेठनी दुकानात चार लोकांना दाखवला होता म्हणे. टाका बारीक, काठाला चांगली रुंद दुमड. शेठची ही परीक्षा एव्हाना गावोगाव ठाऊक झाली होती, हे फक्त शेठना ठाऊक नव्हते.

मूल दिले म्हणजे शेठ मोकळे होत नसत. महिन्या-दोन महिन्यांनी ते जाऊन बघत. कळंबलाही जात. दुपारी पोचत, घरचे सगळे जेवायला बसलेले, येसू त्यांच्याच पंगतीत, पुढ्यात भाकरी-कालवण. शेठ विचारत, "जेवतोस ना?" तो म्हणे, "जेवतो." "काही सांगायचंय?" "न्हाई." त्याच्या अंगात तो सदरा असे. मग उन्हे कलत आणि शेठ निघत.

येसू थंडीच्या दिवसांत गेला. ताप होता. गावच्या पाटलाने तापाने गेला असे सांगितले आणि ते खोटेही नव्हते, म्हणून पुढे काही झाले नाही. शेठ पोचले तेव्हा घरचे त्याला मसणात ठेवून आले होते. बाई ओसरीवर रडत होती. शेठ गोठ्याकडे गेले, कारण येसूची वाकळ तिथे वाळत होती. शेजारची एक म्हातारी कुडाआडून बघत होती. पुढचे शेठनी स्वतः आमच्या घरी सांगितले, म्हणून मला माहीत आहे.

म्हातारी म्हणाली, "शेठ, तुमी दिवसा येत व्हता. आमी रातचं बघत व्हतो."

"रातचं काय?"

"शेतकऱ्याघरी खरं जेवान रातचंच, शेठ. तुमची दमनी लांबनं दिसली की दुपारची पंगत मांडायची. एरवी दिसभर त्यो मोटंवर. रातच्याला समदी जेवून उठली की उरलं तर त्येला. दुष्काळातलं पोर ते. भाकरी चोरून कडब्यात लपवायचं. घावलं की मग दोन-दोन रात्री काईच न्हाई. गोठ्यात कोंडायचे. रडत नसायचा. बैलासंगं बोलायचा."

"मग मला सांगितलं का न्हाई?"

"तुमी कवा इचारलं?" म्हातारी म्हणाली. "आन् त्येंच्या हिरीचं पानी पितो आमी."

"त्यानं तरी सांगायचं."

"त्येला वाटायचं, सांगितलं की परत छपरीत टाकत्याल."

त्यानंतर बरेच दिवस शेठ दुकानात दिसले नाहीत. मग एका संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, त्यांची दमणी आमच्या दारात उभी राहिली. अशा वेळी शेठना निमगावात कुणीच पाहिलेले नव्हते. आबा धावत पुढे गेले. "शेठ, येळ झाली. तुमचं जेवान?"

"आज न्हाई."

त्यांनी ओसरीची जागा झाडली आणि बसले. गाठोडे सोडून एक सदरा काढला. आई दारात उभी होती. हाकलून दिल्यापासून ती त्यांच्याशी बोलली नव्हती. शेठनी सदरा उलटा करून तिच्यापुढे धरला.

"बाई, ही पट्टी बघा. वरीसभर अंगावर व्हता. वाढायच्या वयाचं पोर. पट्टी उसवायची पाळीच आली न्हाई."

मग त्यांनी सगळे सांगितले. वर जे लिहिले तेवढेच, एकही शब्द जास्त नाही. आईने सदरा हातात घेतला. दुमडीचा टाका जसा घातला तसा होता. पट्टीच्या आतले कापड अजून कोरे, बाहेरचे विटून गेलेले. बराच वेळ ती त्यावर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "माझ्याकडं ढगळ्या सदऱ्यात हिंडला असता, शेठ. पर हिंडला असता."

शेठनी मान हलवली.

"आता काय दुसरं पोर द्यायला आलाय?"

"द्यायला न्हाई आलो. तुमी जेवायला बसा. मला बघायचंय."

आम्हाला काही कळेना. पण आईने चिमणी लावली आणि ताटे घेतली. एक माणूस उपाशी बसून बघतो आहे आणि आपण जेवायचे, मला ते जमेना. आबाही भाकरी नुसती चिवडत होते. शेठ ओसरीवरून आत बघत होते, दिव्याभोवतीचे चिलट तोंडात जाऊ नये म्हणून उपरण्याचे टोक तोंडावर धरून. जेवणे झाली. आईने रोजच्यासारखी टोपल्यातली एक भाकरी काढली, फडक्यात गुंडाळली आणि फळीवर ठेवली.

"ही कुनाची?" शेठनी विचारले.

आबा म्हणाले, "सख्याची. त्यो गेल्यापासनं रोज ठेवती. सकाळी वाघ्याला घालतो. मी काई म्हनत न्हाई."

शेठ उठले. चौकटीला धरून उभे राहिले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "ह्या घरात रोज रातच्याला एक भाकरी जास्त व्हती. न् मी दुपारी येऊन सदरा मोजून गेलो."

आईने त्यांना बसा म्हटले नाही, आणि जा असेही म्हटले नाही. दमणीचा आवाज दूर जाईपर्यंत ती दारात उभी होती. येसूचा सदरा तिने सखारामच्या सदऱ्यावर ठेवला. पट्टी तिने उसवली नाही.

पुढे शेठनी आमच्याकडे ठकी नावाची मुलगी दिली. तीही मोठीच, चुपचाप, खांदे वर उचलून चालणारी. ती भाकरी चोरून कणगीमागे ठेवी. आईला ते कळले तेव्हा तिने तिथे एक स्वच्छ फडके नेऊन ठेवले, मुंग्या लागू नयेत म्हणून, आणि कुणाला बोलली नाही. "तू माझी कोन?" हेही ठकीने एक दिवस म्हटले. आई म्हणाली होती तशी रडली, आणि मग उठून तिला वाढले. सख्याची भाकरी फळीवरून कधी बंद झाली ते मला आठवत नाही. पण येसूच्या जागी ठकी आली असे आमच्या घरात कुणी कधी म्हटले नाही. तो यायचा राहूनच गेला.

शेठ मात्र तेव्हापासून रात्रीचे फिरू लागले. कापड देणे त्यांनी बंद केले. दिवेलागणीला एखाद्या घरी जायचे, ओसरीवर बसायचे, जेवणे होईतो बघायचे आणि उठायचे. घरी पोचेपर्यंत त्यांच्या जेवणाची वेळ गेलेली असे, म्हणजे तो दिवस उपासाचा. असे उपास फार झाले. त्यांच्या भाऊबंदांना हे आवडत नव्हते. रात्रीचे जेवण डोळे भरून बघत बसणे आपल्याला शोभते का, असे त्यांना तोंडावर विचारले गेले. शेठ म्हणाले, "खात न्हाई, बघतो. त्याचं पाप लागायचं असंल तर लागू द्या."

लोक आता हसत नसत, पण त्यांना बोलावतही नसत. आपल्या ताटात बघणारा माणूस कुणाला दारात हवा असतो? छपरीतली मुले मोठी होऊन आपापली पांगली. काहींना घर मिळाले, काहींना नाही. शेठनी रात्रीचे बघून दिलेली सगळीच घरे चांगली निघाली असेही मी म्हणणार नाही. मला ते माहीत नाही.

गेल्या खेपेला सुटी संपवून मी टांग्याने पुण्याला निघालो होतो. कळंबात टांगेवाला घोड्याला पाणी पाजायला थांबला. दिवस नुकताच बुडाला होता. रस्त्याला लागून एका घराच्या ओसरीवर मोठी पगडी दिसली. कळंबात शेठ पुन्हा पाऊल टाकतील असे कुणाला वाटले नव्हते. मी उतरून जवळ गेलो. फार वाळले होते. तोंडावर उपरण्याचे टोक होते.

"शेठ," मी हळूच म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे न बघता तळहात उंच केला. थांब. आत चिमणीच्या उजेडात एक लांबोडका पोरगा पाठमोरा जेवायला बसला होता. घरची बाई हात धुऊन उठायच्या बेतात होती. पोराने मान वर केली, काही मागितले नाही, नुसते भाकरीच्या टोपल्याकडे बघितले, आणि परत मान खाली घातली. बाई थांबली. शेठची बोटे थांबली.

त्या पोराच्या सदऱ्याला पट्टी आहे का, मी सवयीने बघू लागलो. काठ मांडीखाली गेला होता, दिसला नाही. शेठ तिकडे बघतही नव्हते. ते बाईच्या हाताकडे बघत होते.

मागून टांगेवाल्याने हाक मारली. तिचा हात टोपल्याकडे गेला की नाही, ते मला बघता आले नाही.